पुस्तकातली नर्स

मालिकेचा शेवटचा भाग झाला आणि ताईंची नजरच बदलली. मालिकेत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचा खून त्याच्या नर्सनेच केला होता. इथे ताईंचे वडील, म्हणजे आजोबाही, तीन वर्षं अंथरुणावर होते आणि त्यांचं सगळं करायला नर्स होती.  ती आजोबांना औषध पाजायला लागली, की ताई दारात येऊन उगाच पडदा सारखा करत.

नर्सचा जीव थाऱ्यावर राहीना. मालिका ज्या कादंबरीवरून केली होती, ती तिने वाचनालयातून आणली. मालिकावाले शेवट बदलतात म्हणे. पुस्तकात खुनी दुसराच निघाला, तर ते पान ताईंपुढे ठेवायचं, असं तिच्या मनात होतं.

दुपारी आजोबांना कुशीवर वळवून ती वाचायला बसे. चार पानं वाचावीत, उठावं, लघवीची पिशवी बघावी, पुन्हा बसावं. कादंबरीतल्या म्हाताऱ्याच्या पुतण्यावर संशय आला की तिला हायसं वाटे. तो सुटला की ती मागची पानं पुन्हा चाळे.

"मोठ्याने वाच की," आजोबा म्हणाले. "एकटीच काय मटकावतेस?"

चौथ्या दिवशी शेवट आला. खुनी नर्सच! मालिकेत तिला निदान रडू तरी फुटलं होतं. पुस्तकात ती निवांत चहा पीत बसली होती. नर्सने तेही मोठ्याने वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"लिहिणाऱ्याला काडीची अक्कल नाही," आजोबा खेकसले. "त्या बाईने दोन वर्षं म्हाताऱ्याच्या पाठीला जखम होऊ दिली नाही, आणि मग मारलं? मारायला एवढी मेहनत कोण घेतं?"

तिला हसू आलं नाही. संध्याकाळी ताई दारात दिसताच तिने औषधांचा डबा त्यांच्या हातात ठेवला.

"उद्यापासून तुम्हीच द्या."

"अगं, तसं काही नाही..."

"तसंच आहे, ताई."

ताई खुर्चीत बसल्या. "रोज सकाळी मी गोळ्या मोजते," त्या खालमानेने म्हणाल्या. "लाज वाटते. पण उद्याही मोजेन, हे खरं."

"मग माझ्यासमोर मोजा. चोरून नको."

दुसऱ्या दिवशी दोघी टेबलाशी बसल्या. पहिल्या मोजणीत एक गोळी कमी भरली. नर्सने टेबलाखाली वाकून पाहिलं. ताईंनी तिच्याकडे न बघता पुन्हा मोजल्या.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या.

नर्सने पाण्याचा पेला उचलला. आजोबांकडे जाण्याआधी तिने गोळ्या स्वतः पुन्हा एकदा मोजल्या.