स्वतंत्र कामाची दोन वर्षं

खिडकीपलीकडच्या कारकुनाने अर्जाच्या तिसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि कागद तिच्याकडे सरकवला.

"वायरमनचं लायसन आहे, उंचीवर काम करायला डॉक्टरांचं पत्र आहे. हे मात्र चालणार नाही."

"अहो, अनुभव अकरा वर्षांचा आहे."

"मदतनीस म्हणून. सौरऊर्जेच्या वर्गाला निदान दोन वर्षं स्वतंत्र काम केलेलं लागतं. तुमच्या कंत्राटदाराकडून तसं लिहून आणा. शुक्रवार शेवटचा."

तिचा कंत्राटदार म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. घरचाच माणूस, दोन ओळींचं काम, असं समजून ती तडक दुकानात गेली. तो वायरचं वेटोळं गुंडाळत होता. ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मी खोटं लिहीत नाही."

"खोटं काय त्यात?"

"स्वतंत्र म्हणजे वर तपासणारा कोणी नाही. तुझं काम मी तपासतो."

तेही खरंच होतं. काम कुठलंही असो, ती बोर्ड उघडा ठेवून बाजूला व्हायची, हा पुढे येऊन आत टॉर्च मारायचा, मिनिटभर बघायचा, "हं" म्हणायचा. त्यानंतरच मेन चालू. अलीकडे पक्कड हातात धरणंही त्याने सोडलं होतं. गिऱ्हाइकांशी बोलायचं आणि टॉर्च मारायचा. "साहेब झालाय आमचा दादा," असं ती वहिनीला कधी हसत, तर कधी चिडून म्हणाली होती.

"इतकं तपासतोस, कधी काही सापडलं का?"

"सुरुवातीला सापडायचं."

"आणि नंतर?"

तो वेटोळ्याचं टोक शोधत राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. याचा तिला फार राग आला.

"गावभर छतांवर पॅनेल बसतायत, दादा. मी काय जन्मभर पंख्याचे रेग्युलेटर बदलत बसू?"

पुढचे दोन दिवस दोघं कामापुरतंच बोलले. शुक्रवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या दारात उभा होता. हातात डिंकाने चिकटवलेलं पाकीट.

"खरं तेवढंच लिहिलंय," तो म्हणाला. "बघ काय म्हणतात ते."

तिने आशा सोडूनच ते खिडकीतून आत दिलं. तो मागे बाकावर बसला. कारकुनाने पाकीट फाडलं, कागद आडवा धरला, उभा धरला. ओळी एकमेकींच्या अंगावर गेल्या होत्या. मग तो अडखळत, हळू आवाजात वाचू लागला.

"'चार वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांचा पडदा बिघडला. चष्म्याने भागत नाही. तेव्हापासून बोर्डातल्या तारा मला दिसत नाहीत. टॉर्च मारून मी नुसता उभा राहतो. या चार वर्षांत माझ्या बहिणीचं एकही काम कोणी तपासलेलं नाही.'" त्याने मान वर केली. "ही शिफारस आहे की तक्रार?"

शाळेची इमारत, दवाखाना, पिठाची गिरणी, सगळे बोर्ड एकामागून एक तिच्या डोळ्यांसमोरून गेले. सगळं तिच्या एकटीच्या भरवशावर चालू होतं. त्याने "हं" म्हटलं, की ती निर्धास्त घरी जाऊन झोपायची.

"अजून एक ओळ आहे. 'कुठूनही तक्रार आलेली नाही.'" कारकून थांबला. "हा कागद दप्तरी राहणार, बाई. उद्या त्यांच्या कंत्राटदारीच्या लायसनवर येईल. त्यांना कल्पना आहे ना?"

तिने वळून पाहिलं. दादा गुडघ्यांवर हात ठेवून भलत्याच खिडकीकडे बघत होता. साहेब म्हणून आपण त्याला किती नावं ठेवली, हे आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आहे," ती म्हणाली.

"मग ठीक. दोन वर्षं लागतात, इथे चार आहेत." त्याने शिक्का मारला. "सोमवारी नऊला या."

बाकाशी येऊन ती उभी राहिली.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"घेतलं. सोमवारपासून."

त्याचा चेहरा असा उजळला, की तिला रडू आवरेना. तो उठला, खिशातून स्वतःचं लायसन काढलं.

"हे जमा करून घेणारं ऑफिस याच इमारतीत आहे म्हणे. आणि हे बघ, वर्ग संपला की कंत्राटदारीचा अर्ज तू कर. गिऱ्हाइकांशी मी बोलत जाईन, ते मला बरं जमतं." मग जरा थांबून, पहिल्यांदाच, तो म्हणाला, "पाट्या तेवढ्या वाच."

तिने डोळे पुसले आणि पहिल्या दारापासून वाचायला सुरुवात केली, मोठ्याने, एकही न गाळता.