स्टँडचा पितळी स्क्रू

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी स्टँड आहे. अंबड तालुक्यातल्या एका गावच्या आरोग्य उपकेंद्रात सलाइनची बाटली धरून उभे राहणे हे माझे काम.

जालन्यातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. खाली तीन पाय, त्यांवर जाड नळी, नळीत वर-खाली सरकणारी बारीक दांडी आणि तिच्या टोकाला दोन आकडे. दांडी हव्या त्या उंचीवर अडवून धरायला बोटांनी फिरवायचा एक पितळी स्क्रू. माझा सगळा जीव त्या स्क्रूत.

जुलाबाची साथ आली तेव्हा माझे दोन्ही आकडे दिवसभर भरलेले असत. त्या दसऱ्याला नर्स शीतलताईंनी मला झेंडूची माळ घातली होती.

माझ्या नावाचे भाऊबंद गावभर आहेत. एसटी थांबते तो स्टँड, सायकल टेकते तो स्टँड, आणि भाषणात पुढारी घेतात तोही स्टँडच. या एका शब्दाने माझा घात केला. स्टँड म्हटला की तो कशालाही चालतो, असे लोकांना वाटू लागले. शाळेने मला नकाशा टांगायला नेले. लग्नघराने दिव्यांची माळ बांधायला नेले. मग मंडपवाला मिथुन माइकसाठी नेऊ लागला.

"मिथुन, सलाइनचा हाये तो," शीतलताई म्हणत.

"ताई, स्टँड तो स्टँड. सकाळी बराबर आणून देतो."

पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनालाही त्याने मला नेले. माझ्यावरच्या माइकमधून गावचे पुढारी अप्पाराव गरजले, "गावच्या आरोग्यासाठी आम्ही स्टँड घेतलाय."

पुढेच बसलेल्या सगुणाबाई म्हणाल्या, "घेतलाय की. दवाखान्यातून उचलून आणलाय."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शेजारी बसलेले सगुणाबाईंचे यजमान काकासाहेब मात्र जमिनीकडे बघत राहिले.

कार्यक्रम संपल्यावर मिथुनने माझा स्क्रू काढला आणि आपल्या लाउडस्पीकरच्या कर्ण्याला लावला, कारण तिथला हरवला होता. माझी दांडी त्याने तारेने करकचून बांधली. सकाळी मी परत आलो. सरळ उभा दिसत होतो, त्यामुळे कुणी मला हलवून पाहिले नाही.

मे महिन्यात भर उन्हात सगुणाबाईंना खाटेवर घालून आणले. सकाळपासून उलट्या होत होत्या, ओठ पांढरे पडले होते. अंबडहून रुग्णवाहिका निघाली होती. ती येईपर्यंत सलाइन चालू ठेवायचे होते. शीतलताईंनी सुई लावली, बाटली माझ्या आकड्यात अडकवली. तार सुटली. दांडी खाली घसरली, बाटली खाटेच्या पातळीला आली आणि नळीत रक्त उलटे चढू लागले. ताईंनी दांडी वर ओढून तार पुन्हा पिळली. ती पुन्हा घसरली. खिडकी बुटकी, भिंतींना नव्या फरशा, खिळा कुठेच नाही. मी लोखंडाचा असून मला काहीच धरता येत नव्हते.

सोबत आलेल्या काकासाहेबांनी बाटली हातात घेतली.

"काका, हात वरच ठेवा. बिलकुल खाली आणू नका."

सगुणाबाईंनी डोळे किलकिले केले. "लग्नातबी इतका येळ उभे राह्यले न्हाई तुम्ही."

"बोलू नको," काकासाहेब म्हणाले. हात भरून आला तसा त्यांनी दुसऱ्या हाताने कोपराला टेकू दिला. बाटली हलत होती, पण खाली आली नाही. रुग्णवाहिका आली तेव्हा सगुणाबाईंचे बोलणे थांबले होते. काकासाहेब हात वर धरूनच आत चढले.

संध्याकाळी मिथुन आला. त्याने कर्ण्यावरून काढून आणलेला माझा स्क्रू बसवला, दांडी ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.

"ताई, काकूचं काही कळलं का?"

"फोन लागून न्हाई राह्यला."

"मला काय माहीत, ताई..."

"सांगितलं होतं मी तुला."

मित्रांनो, उसनी नेलेली वस्तू परत करताना ती जागेवर ठेवून निघून जाऊ नका. तिला हलवून बघा, तिच्यावर भार टाकून बघा. आणि कुणी परत आणून दिली, तर तुम्हीही बघा. आम्ही मोडलेलो असलो तरी तोंडाने सांगू शकत नाही.

मी आता ताठ उभा आहे. आकडे रिकामे आहेत. रात्र झाली तरी सगुणाबाईंची काही खबर नाही. बाहेर गाडी वाजली की शीतलताई आधी फाटकाकडे बघतात आणि मग येऊन माझा स्क्रू पिळतात. तो आता आणखी घट्ट होत नाही.