तीन मिनिटांचं चिकन

त्याला उस्ताद म्हणायचे हॉटेलातले लोक. अकरा वर्षं त्याने एकच काम केलं: पिशवीतून गोठवलेले चिकनचे तुकडे काढायचे, तेलात सोडायचे, तीन मिनिटांनी घंटा वाजली की उपसायचे. तुकडे आधीच शिजवलेले यायचे. पण हे ध्यानात ठेवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. हाताला वळण पडलं की डोकं कोण वापरतो!

बायको वेगळी झाली आणि नऊ वर्षांची लेक तिच्याकडे गेली. पुष्कळ हातापाया पडल्यावर बायकोने एक रविवार दिला. पोरीला धड सांभाळलंस तर पुढचे रविवार, नाहीतर नाव काढू नकोस, असं बजावूनच.

मग काय, गडी कामाला लागला. ताजं चिकन आणलं, चांगले जाड तुकडे केले, मीठमिरी लावून मुरवले. एक हात कोरडा ठेवायचा, एक ओला, असं पोरीला शिकवलं. आधी मैदा, मग फेटलेलं अंडं, मग पावाचा चुरा. पोरीने दोन्ही हात कोपरापर्यंत बरबटवले आणि बापलेक पोट धरून हसले. तुकडे कढईत पडले तशी त्याची नजर सवयीने घड्याळाकडे गेली. तीन मिनिटांत असा सोनेरी रंग आला की त्याचा जीव सुपाएवढा झाला. त्याला स्वतःला तळणाचा कधीचाच वीट आला होता, म्हणून त्याने चवही घेतली नाही. पहिल्या घासाला पोर जराशी थबकली. मग बापाकडे बघून हसली आणि ताटली साफ केली.

सोमवारी दुपारी बायकोचा फोन आला. पोर पहाटेपासून ओकतेय, ताप चढलाय, दवाखान्यात आणलंय. डॉक्टर विचारतायत काय खाल्लं, तर ही म्हणते शनिवारी शाळेत मैत्रिणीच्या डब्यातलं. तू काय दिलं होतंस?

उस्तादने फ्रिजमधला उरलेला तुकडा मोडला. आत गुलाबी मांस होतं. पोरीने थाप मारून त्याचे रविवार वाचवले होते. आता त्याने फक्त हो ला हो म्हटलं की झालं.

"चिकन दिलं होतं," तो म्हणाला. "कच्चं राहिलं होतं. डॉक्टरांना सांग."

मागून पोरीचा रडका आवाज आला. "बाबाने नाही गं आई. मला कळलं होतं, तरी मीच खाल्लं."

बायकोने डॉक्टरांना सांगितलं आणि फोन ठेवला. पोर चार दिवसांत बरी झाली, असं त्याला बायकोच्या शेजारणीकडून कळलं. त्याचा फोन मात्र त्या घरात पुन्हा कुणी उचलला नाही.