गरुडनेत्र कोट धुवायला टाकतात

मोठ्या माणसांनी डबा लपवायचा आणि मोठ्याच माणसांनी तो शोधायचा, याला खेळ म्हणतात हे लाँड्रीवालीला लग्नानंतर कळलं. लहानपणी ती असलं काही करायची तेव्हा आई त्याला वेळेचा सत्यानाश म्हणायची. इथे मात्र त्याला जिओकॅशिंग असं भारदस्त नाव होतं, नियम होते, गट होता आणि गटातल्या प्रत्येकाला टोपणनाव होतं. कुणीतरी झाडाच्या ढोलीत नाहीतर पुलाखाली एक डबा ठेवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना कळवायचे. मग बाकीच्यांनी मोबाइलमधल्या बाणामागे धावत सुटायचं, डबा हुडकायचा, आतल्या कागदावर सही ठोकायची आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा. म्हणजे एवढी यातायात करून घरी आणायचं काय? तर सर्दी. लाँड्रीवाली हिशेबी बाई होती. जमेच्या बाजूला निदान एक रुमाल तरी दिसल्याशिवाय तिला कुठलाच व्यवहार पटत नसे.

तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करी. घरात नाकासमोर ठेवलेली मिठाची बरणी त्याला आजवर एकदाही सापडलेली नव्हती. गटातलं त्याचं नाव होतं गरुडनेत्र.

हिवाळा आला की या मंडळींच्या अंगात येई. शहाणी माणसं शेगडीजवळ बसतात त्या दिवसांत हे बर्फ तुडवत निघत. थंडीत शाई गोठते म्हणून प्रत्येकाच्या कानामागे पेन्सिल. बर्फात पाऊलखुणा उमटतात आणि त्यावरून पुढच्याला आयताच डबा सापडेल, म्हणून ज्याला डबा मिळाला त्याने आजूबाजूला चार खोट्या वाटा तुडवून ठेवायच्या, असा त्यांचा शिरस्ता होता. बँकेतला कॅशियर, गटातला बर्फवाघ, एकदा असाच रिकाम्या मैदानात गोल गोल फिरत होता. ते पाहून एका म्हातारीला भडभडून आलं. तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "चल बाळा, घरी सोडते तुला. पत्ता आठवतोय का?"

खेळात नसलेल्या माणसांना ते 'कोरडे' म्हणत. कोरड्या माणसासमोर आपण काही शोधतोय असं चुकूनही दाखवायचं नाही, हा पहिला नियम. लाँड्रीवाली अर्थातच कोरडी होती. खरं तर गटातल्या निम्म्या लोकांच्या चिखलाने माखलेल्या पँटी तीच धूत होती, पण तो ओलेपणा त्यांच्या हिशेबात धरला जात नसे.

हिवाळ्याच्या मध्यावर 'थंडीची पेटी' असे. एकच पेटी, एकच दिवस. पहिल्यांदा ज्याच्या हाती लागेल तो वर्षभर गटाचा म्होरक्या, आणि गटाचं सगळं सामान वर्षभर त्याच्या घरी. मागचे दोन्ही हिवाळे गरुडनेत्रानेच मारले होते. त्यामुळे तळमजल्यावरच्या त्यांच्या घरातली मागची खोली डब्यांनी, दोरांनी, थर्मासनी आणि फलकांनी छतापर्यंत भरली होती. त्या खोलीला खिडकी होती, असं लाँड्रीवालीला अंधुक आठवत होतं.

आणि तीच खोली तिला हवी होती. शरद ऋतूत तिची आई पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. आईचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दवाखान्यातून माणसांनी खुर्चीवरून वर नेऊन ठेवली ती ठेवलीच. खाली रस्ता कसा दिसतो हे ती आता शेजारणीला विचारी. फोनवर म्हणे, "माझं काय, बरी आहे मी. जिन्यात पाऊल वाजलं की कुणाचं ते ओळखते हल्ली. तिसऱ्या मजल्यावरचा डाव्या पायाने लंगडतोय बघ, त्याच्या बायकोला माहीत नसेल."

फोन ठेवला की लाँड्रीवाली नवऱ्याकडे वळे.

"अहो, आईला आणायचंय. खोली रिकामी करा."

"करतो गं. हिवाळा होऊ दे. सामान माझं थोडंच आहे? गटाचं आहे."

"मग गटाला सांगा, घेऊन जा म्हणावं."

"असं कसं? जिंकेल त्याच्याच घरी राहतं. नियम आहे."

"आणि यंदाही तुम्हीच जिंकलात तर?"

यावर त्याला ओशाळं वाटायला हवं होतं. पण त्याचा चेहरा असा उजळला, जणू तिने ओवाळायला ताट आणलं होतं. "सलग तिसऱ्यांदा! आजवर कुणालाच जमलेलं नाही ते."

"बरं, एक दिवस सुट्टी काढा. मी लाँड्रीतले काका आणि आणखी दोन माणसं बोलावते. हलवू सगळं कुठेतरी."

"सुट्टी? आत्ता? वेड लागलंय का तुला? मालक दारात उभं करणार नाही."

म्हणजे गणित सरळ होतं. हा माणूस जिंकला की आई आणखी एक वर्ष चौथ्या मजल्यावर.

पेटीच्या आधीच्या आठवड्यात मुंगी लाँड्रीत आली. मुंगी म्हणजे शाळेची बस चालवणारी, दारातून आत येताना थोडी आडवी होणारी बाई. यंदा पेटी लपवायचं काम गटाने तिला दिलं होतं. तिने कोट दिला, पावती घेतली, तरी हलेना.

"ताई, एक विचारायचं होतं. तुमच्या मागच्या भिंतीला तो वाफेचा पाइप आहे ना?"

"आहे. का?"

"जंगलात ठेवलेले डबे गोठून जमिनीला चिकटतात हो. मागच्या वेळी टिकावाने काढायला लागला. पाइपापाशी कसं, उबदार राहील. पण जागेच्या मालकाची परवानगी लागते."

लाँड्रीवालीने हातातलं बटण खाली ठेवलं. "माझ्या नवऱ्याला कळलं तर चालेल?"

"छे! कुणालाच कळता कामा नये. तुम्हाला अवघड होईल का?"

"मला?" लाँड्रीवाली हसली. "अहो, लाँड्री सुरू झाल्याला इतकी वर्षं झाली, ते उंबऱ्याच्या आत किती वेळा आले असतील? पाइपाला घंटा बांधून ठेवलीत तरी त्यांना कळायचं नाही. ठेवा खुशाल. मी पेटीबद्दल अवाक्षर काढणार नाही."

हा शब्द तिने मनापासून दिला, आणि पाळलाही.

पेटीच्या दिवशी सकाळी गरुडनेत्र नेहमीसारखा जेवणाचा डबा घेऊन कामाला निघाला. मात्र जाताना बूट घातले ते जंगलातले, आणि कानामागची पेन्सिल काढायची राहिली. सासूला आणायला न मिळणारी सुट्टी बरोबर मिळाली होती, याची लाँड्रीवालीने मनातल्या मनात नोंद करून ठेवली.

दहाच्या सुमारास गल्ली भरायला लागली. दोन इमारतींच्या मध्ये मोबाइलमधला बाण बावचळतो, त्यामुळे मंडळी नुसती भिरभिरत होती. एकजण खांबाशी वाकून बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या बुटाला नाडी नव्हती. दुसरा बंद फोनवर कुणाशी तरी तावातावाने भांडत होता. एक बाई कुत्र्याला हाका मारत कचऱ्याच्या पिंपामागे बघत होती, आणि कुत्रा तिच्या काखेत होता. गुपचूप वागायची या लोकांना इतकी हौस, की अख्खी गल्ली खिडक्यांत येऊन उभी राहिली.

इस्त्री करणारे काका काचेतून बघत म्हणाले, "बाई, पोलिसांना कळवू का?"

"राहू द्या काका. निरुपद्रवी आहेत."

तेवढ्यात दार उघडलं आणि गरुडनेत्र आत आला. बाण त्याला दुकानाच्या पाठीमागे बोलावत होता आणि मागे जायची त्याला ठाऊक असलेली एकच वाट, गल्ल्याशेजारची लाकडी फळी उचलून, दुकानातून. फळीवर हात ठेवून त्याची बायको उभी होती.

आता एवढंच म्हणायचं होतं: अगं, जरा मागे जाऊ दे. कोण अडवणार होतं? पण कोरड्या माणसासमोर बोलायचं नाही हा नियम. आणि वर, आपण या क्षणी चष्म्याच्या दुकानात आहोत ही सकाळची थाप. गरुडनेत्राने घसा खाकरला आणि स्वतःच्या बायकोला, तिच्याच दुकानात, म्हणाला, "ते... कोट धुवायला टाकायचा होता."

"या ना," लाँड्रीवाली म्हणाली. "बसा. काका, स्टूल द्या यांना. साधी धुलाई की ड्रायक्लीन?"

"काहीही. म्हणजे, कुठलीही चालेल."

"अंगातलाच कोट का?"

त्याने खाली पाहिलं. बरोबर दुसरा कोट नव्हता. त्याने मुकाट्याने अंगातला काढून दिला.

लाँड्रीवालीने सवयीप्रमाणे खिसे तपासले. पहिल्यात निघाली पेन्सिलीची टोपी. दुसऱ्यात मोबाइल. तो तिने फळीवर ठेवला तेव्हा त्यावर एक ठसठशीत बाण तिच्या पाठीमागच्या भिंतीकडे रोखलेला होता आणि खाली लिहिलं होतं, अकरा मीटर. दोघांनीही वाचलं.

"हवामान बघत होतो," गरुडनेत्र म्हणाला.

"असं? अकरा मीटरवर कसं आहे हवामान? इकडच्यापेक्षा बरं आहे का?"

काकांनी इस्त्री आपटली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"मालकांनी बरं सोडलं मध्येच," ती पुढे म्हणाली. पावतीपुस्तक तिने असं सावकाश उघडलं, जणू त्यात लग्नाचे फोटो होते. "आलाच आहात तर विचारते. खोलीचं काय ठरवलंत?"

"कुठल्या खोलीचं?" त्याचे डोळे मागच्या दारावर.

"मागच्या. आईला आणायचंय ना."

"हो. आणू."

"कधी?"

"आणू गं लवकरच."

"लवकर म्हणजे रविवारी?"

बाहेर काचेपलीकडून दोन कानटोप्या घातलेला बर्फवाघ गेला. तो थांबला, छपराकडे पाहिलं, भिंतीआडून निघणारी वाफ पाहिली आणि कोपऱ्यावरून वळला. गरुडनेत्राच्या कपाळावर घाम आला. अंगावर नुसता सदरा, बाहेर बर्फ, आणि घाम.

"रविवारी! हो! रविवारीच आणू."

"आणि सामान?"

"जाईल सामान. बाहेर काढू सगळं."

"कुणी जिंको, न जिंको?"

"कोण जिं... हो! कुणीही जिंको! मी टाकतो काढून, तू फक्त..." पुढचं त्याने गिळलं.

"काका, ऐकलंत ना?"

"ऐकलं बाई," काका म्हणाले. "इस्त्रीची शपथ."

"मग झालं. नाव काय लिहू पावतीवर?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे एवढा वेळ पाहिलं नव्हतं. तिच्या कपाळावर पेटीचा पत्ता लिहिला असता तर तो त्याला तेव्हा पहिल्यांदाच दिसला असता.

"तुला... माहीत आहे?"

"काय?" लाँड्रीवाली म्हणाली. "मी तर कोरडी बाई." आणि तिने फळी वर उचलली. "मागे जायचं होतं का तुम्हाला? मग आधी सांगायचं ना."

तो उठला मात्र, आणि मागच्या बाजूने आरोळी आली. बर्फवाघाची आरोळी वाघाच्या जवळपासची नव्हती, चाकाखाली सापडलेल्या रबरी बाहुलीसारखी होती. पण आनंद अस्सल होता. गल्लीतून सगळे तिकडे धावले, नाडी नसलेला, फोनवर भांडणारा, कुत्रेवाली. टाळ्या, शिट्ट्या, थर्मासमधला कढत चहा. गरुडनेत्र सदऱ्यावर मागच्या दारात उभा राहिला. बर्फवाघ वाफेच्या पाइपापाशी फतकल मारून कागदावर सही करत होता आणि बाकीचे उगाचच्या उगाच अंगणभर खोट्या वाटा तुडवत होते.

"तू इथे कसा?" बर्फवाघाने विचारलं.

"कपडे टाकायला आलो होतो," गरुडनेत्र म्हणाला. निदान ही थाप तरी आता पावतीसकट खरी होती.

रविवारी गट आला. या लोकांना नुसतं ओझं उचला म्हटलं तर पाठ दुखते. बर्फवाघाने "मोहीम आहे" म्हटलं की धावत येतात. त्यांनी दोरांची वेटोळी, फलक, थर्मास आणि डब्यांचे ढीगच्या ढीग घसरगाडीवर लादले आणि गाणी म्हणत बर्फवाघाच्या घराकडे ओढत नेले. बर्फवाघाची बायको दारात उभी होती. तिची नजर लाँड्रीवालीला फार दिवस पुरणारी होती. शिकलेली, सुस्थितीतली बाई, घरात नवीन पडदे. तिने एकच विचारलं, "किती दिवस?"

"वर्षभर," लाँड्रीवाली म्हणाली. तिला क्षणभर वाईट वाटलं. पण क्षणभरच. जिचा नवरा जिंकेल तिने भोगावं.

दुपारी त्याच मंडळींनी आईला खुर्चीसकट चार मजले खाली आणलं. मुंगी एकटीच दोन माणसांचं वजन पेलत होती. प्रत्येक वळणावर आई वरून सूचना देत होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या लंगड्याला तिने, पाय दाखवून घे रे, असं बजावलंही. घरी आणून खिडकीपाशी बसवल्यावर तिने रिकाम्या खोलीत चौफेर पाहिलं. भिंतींवर डब्यांच्या रांगांचे चौकोनी डाग उमटले होते.

"इथे होतं तरी काय एवढं?"

"डबे," लाँड्रीवाली म्हणाली.

"कसले?"

"रिकामे."

आईने थोडा विचार केला. जावयाबद्दल तिचं मत तसंही फार उंचावर नव्हतं, आणखी खाली आणायची तिला गरज वाटली नाही. ती खिडकीतून रस्ता बघायला लागली, आणि मग कितीतरी वेळ तिने मान वळवली नाही.

गरुडनेत्र दाराशी घुटमळत होता. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून तो पुढे झाला आणि हात मागे बांधून, घर दाखवायला आलेल्या दलालाच्या थाटात म्हणाला, "ऊन फार छान येतं हो इथे, सासूबाई. मी हिला पहिल्यापासून सांगत होतो."

लाँड्रीवालीने त्याच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि आईची उशी झटकायला घेतली.