फौजदाराचे गुडघे

फौजदार हा ससा होता. अंग पांढरंशुभ्र, आणि नाकाखाली दोन्ही बाजूंना काळ्या केसांचे झुपके. घरी आणला त्याच दिवशी दादानं त्याचं हे नाव ठेवून टाकलं. तेव्हा तो तळहातावर मावायचा. आता नऊ वर्षांचा झाला होता, आणि सशाच्या जातीला नऊ वर्षं म्हणजे चांगलंच म्हातारपण. दादा मात्र राहिला नव्हता. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

घर दोन मजल्यांचं. वर दादाची बायको, म्हणजे वहिनी, राहायची आणि खाली दादाची धाकटी बहीण. बहिणीनं लग्न केलं नव्हतं. खालच्या पुढच्या खोलीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँट आखूड कर, झिप बदल, कंबर सैल कर, असली कामं. सगळी गल्ली तिला शिवणताई म्हणायची. वहिनी गाडी चालवायला शिकवायची. सकाळी आठला बाहेर पडली की संध्याकाळी सहाला परत. ससा एकटा पडू नये म्हणून दिवसा खाली आणि संध्याकाळनंतर वर, अशी सोय दादा असतानाच लागली होती.

दादा गेल्यावर ती सोय तशीच राहिली, बोलणं तेवढं बंद झालं. झालं असं, की दादाला जाऊन महिनाही झाला नव्हता तोवर वहिनीनं त्याचा कोट, बूट आणि व्हायोलिन देऊन टाकलं. शिवणताई काहीतरी मागायला वर गेली, तर कपाट रिकामं. तिच्या तोंडून निघून गेलं, "माणूस गेला, तसं सामानही जड झालं वाटतं." त्या दिवसापासून जिन्यातला दिवा आणि मागच्या दाराची किल्ली यापलीकडे दोघींत विषय उरला नाही. सशाची टोपली वहिनी सकाळी जिन्याच्या मधल्या वळणावर ठेवून जायची. संध्याकाळी शिवणताई ती तिथेच नेऊन ठेवायची. निरोप नाही, विचारपूस नाही.

त्या हिवाळ्यात एका सकाळी शिवणताईनं टोपली उचलली आणि तिला वास आला. फौजदाराला मांडीवर उताणं घेऊन पाहिलं, तर मागचे केस लघवीनं ओले होऊन चिकटलेले, खालची कातडी लालभडक. तिचं डोकंच फिरलं. बाईला सशाचा लघवीचा ट्रे स्वच्छ ठेवता येत नाही, म्हणजे काय? कोमट पाण्याच्या फडक्यानं तिनं त्याला पुसायला घेतलं. मागचा पाय जरा बाजूला केला तसा तो थरथरला आणि त्यानं दात कराकरा वाजवले. खाली ठेवल्यावर दोन पावलं अवघडून टाकली आणि फरशीवर त्याचे पाय फाकले. मग तसाच बसून राहिला.

गेले काही महिने तो दुकानात दिवसभर एका कोपऱ्यात बसून असायचा, हे तिला दिसत होतं. वय झालं, आळसावला, असं तिनं धरून चाललं होतं. आता तिला स्वतःचाही राग आला, पण वहिनीचा जास्त. दुकानाला कुलूप लावून, टोपली छातीशी धरून, दोन बस बदलून ती प्राण्यांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंकडून काय ते वदवून घ्यावं आणि वहिनीच्या तोंडावर टाकावं, असाच बेत होता.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण हात मुरलेला होता. त्यांनी फौजदाराला टेबलावर न घेता जमिनीवर चटई पसरून तिच्यावर सोडलं आणि स्वतःही खाली बसल्या. बराच वेळ नुसतं बघितलं. मग एकेक सांधा हळूच वाकवून पाहिला, एक्स-रे काढला आणि तो उजेडासमोर धरून दाखवला. दोन्ही गुडघे आणि कमरेजवळचे मणके झिजले होते. मान मागे वळवून त्याला अंग चाटता येत नव्हतं, ट्रेच्या काठावरून पाय उचलता येत नव्हता, म्हणून ही ओल. कुणी हयगय केली म्हणून नव्हे.

शिवणताईचा राग तिथेच अर्धा उतरला. उरलेला पुढच्या प्रश्नांनी उतरवला. सकाळी उठल्यावर जास्त आखडतो का? संध्याकाळी कसा चालतो? उडी मारणं कधी सोडलं? "संध्याकाळी तो माझ्याकडे नसतो," ती म्हणाली, "भावजयीकडे असतो."

"मग त्यांना काय दिसतं?"

"विचारलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, ससा दुखणं लपवतो. तुम्हाला अर्धा दिवस दिसतो, त्यांना अर्धा. दोन्ही अर्धे जोडल्याशिवाय औषध किती लागतंय ते मला कळायचं नाही. आणि हे औषध एकट्या माणसाच्यानं द्यायचं काम नाही. एकीनं धरायचं, दुसरीनं पाजायचं."

औषध दुखण्याचं होतं, पातळ, सुई नसलेल्या सिरिंजनं गालातून घालायचं. झीज भरून येत नाही, पण दुखणं आटोक्यात राहिलं तर अजून चांगले दिवस काढेल, असं त्यांनी सांगितलं. गवत खायचा थांबला, तर मात्र अर्धा दिवससुद्धा वाट बघायची नाही, लगेच आणायचं.

शिवणताईनं आधी एकटीनंच करून पाहिलं. पहिला डोस तिच्या बाहीवर गेला, दुसरा सशाच्या कानावर. तिसऱ्या वेळी त्यानं तिच्या मनगटावर लांबलचक ओरखडा काढला आणि शिलाई मशीनखाली जाऊन बसला. मग तिनं हाताला येईल ते काम केलं. ट्रेची एक बाजू करवतीनं कापून बुटकी केली. जुन्या ब्लँकेटच्या चार घड्या शिवून गादी केली. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर सतरंजीचे तुकडे टाकले. पण हे सगळं खालच्या मजल्यावर. वरच्या अर्ध्या दिवसाचं काय?

शेवटी तिनं कापडावर आखायच्या कागदाचा तुकडा फाडला, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं त्यावर लिहिलं आणि टोपलीला टाचणीनं लावलं. खाली एक ओळ वाढवली : एकटीनं जमत नाही. ती ओळ दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा तशीच लिहिली.

सहाला टोपली वर गेली आणि पाचच मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली. वहिनी दुकानाच्या दारात उभी होती, अंगात अजून बाहेरचं जाकीट, हातात टोपली.

"वन्सं, येऊ का आत?" तिनं विचारलं.

पूर्वी ती नणंदेला थट्टेनं वन्सं म्हणायची, अगदी जुन्या काळच्या सुनेसारखी. दोन वर्षांत हा शब्द या घरात कुणी काढला नव्हता. शिवणताईनं खुर्चीवरचे कपडे बाजूला केले.

वहिनी उंच आवाजात कधी बोलायचीच नाही. घाबरलेल्या माणसांना रस्त्यावर आणणं हाच तिचा धंदा. तिनं सांगितलं, की संध्याकाळी तो त्यातल्या त्यात बरा असतो, थोडा फिरतो, पण सकाळी उठल्यावर लाकडासारखा. ओले केस तिनंही पाहिले होते. तिला वाटलं होतं, खाली दुकानाच्या गडबडीत ट्रे साफ होत नसेल. हे ऐकून शिवणताईला अशा वेळीही हसू आलं. मग उडीचं निघालं.

"मागच्या हिवाळ्यापर्यंत तो यांच्या खुर्चीवर उडी मारून बसायचा," वहिनी म्हणाली. "मग बसेनासा झाला. मला वाटलं, वाट बघायचं सोडलं त्यानं. मी मनात म्हटलं, सशालासुद्धा जमलं, मला नाही. गुडघे दुखत असतील, हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

शिवणताई हातातल्या टाचण्या डबीत टाकत राहिली. डबी भरली तेव्हा म्हणाली, "त्या दिवशी मी बोलले ते फार वाईट बोलले, वहिनी."

"वाईटच होतं." वहिनीनं ते गुळमुळीत केलं नाही. "पण मीही विचारायला हवं होतं. तो कोट दारामागे दिसला की मी दचकायची. घरात कुणी आलंय असं वाटायचं. तुमचाही भाऊ होता, हे त्या वेळी सुचलंच नाही."

"व्हायोलिन कुणाला दिलंत?"

"शेजारच्या गल्लीत शिकवतात ना, त्या बाईंना. त्यांच्याकडची मुलं वाजवतात. जाऊ एकदा ऐकायला."

शिवणताईनं मान डोलावली. एवढ्यानं सगळं धुऊन निघालं असं नाही. पण फौजदार टोपलीतून दोघींकडे बघत होता आणि औषधाची वेळ झाली होती.

वहिनी जमिनीवर बसली, त्याला टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरलं आणि रोजच्या शिकवणीच्या सुरात म्हणाली, "घाई नाही. समोर बघा. आता हळूहळू दाबा." हे सशाला होतं की नणंदेला, कुणास ठाऊक. पण औषध सगळंच्या सगळं पोटात गेलं.

त्या दिवसापासून दोघींनी एक वही घातली. वरचं वहिनीनं लिहायचं, खालचं शिवणताईनं. सकाळी किती आखडला, किती खाल्लं, अंग कुठवर चाटलं. एक दिवसाआड कोमट पाण्यानं त्याला धुऊन कोरडं करायचं, वाढलेली नखं कापायची, कमरेवरून हलक्या हातानं चोळायचं. वरच्या मजल्यावरही सतरंज्या आल्या, आणि दादाच्या खुर्चीपाशी शिवणताईनं जुन्या फळीला गालिचा ठोकून बुटकी उतरण लावून दिली.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यानं गवताला तोंड लावलं नाही. कोथिंबीर पुढे केली, तीही हुंगून सोडून दिली. वहिनीनं एक शिकवणी रद्द केली आणि गाडी काढली. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, पातळ खाणं भरवायला शिकवलं आणि यापुढे औषध पोटात काही गेल्यावरच द्यायचं असं बजावलं. घरी येऊन दोघी आळीपाळीनं त्याचं पोट चोळत बसल्या. जेवायचं भान दोघींनाही नव्हतं. दुपारी चारच्या सुमाराला वहिनीनं ट्रेकडे बोट दाखवलं. चार वाटोळ्या लेंड्या पडल्या होत्या. दोन शहाण्यासुरत्या बायका त्या चार लेंड्यांकडे अशा बघत होत्या, जणू कुणी मोठं बक्षीस मिळवून घरी आलंय. तासाभरानं तो गवत चघळायला लागला तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

पुढे दिवस लांबत गेले, ऊन दुकानाच्या आतपर्यंत यायला लागलं. फौजदार काही पहिल्यासारखा पळणार नव्हता. पण कातडीची लाली गेली, तो कोपरा सोडून सतरंजीवरून दारापर्यंत यायला लागला. एक दिवस गिऱ्हाइकाचं माप घेताना शिवणताईनं पाहिलं, तो मागच्या पायांवर उठून दोन्ही पंजांनी तोंड धूत होता. कान खाली ओढून तेही चाटले. टेप तशीच हातात धरून ती वहीकडे धावली. त्या गृहस्थाच्या कमरेचं माप नंतर पुन्हा घ्यावं लागलं.

एक अडचण उरली होती. दवाखाना लांब, आणि वहिनी दिवसभर बाहेर. त्या रविवारसारखं भरदुपारी कधी झालं तर? वहिनी म्हणाली, यावर एकच उपाय आहे : शिकवायला ती संस्थेची गाडी वापरते, घरची दिवसभर उभीच असते, तेव्हा ती शिवणताईनं चालवायला शिकायची. शिवणताईनं साठीची सबब सांगितली, डोळ्यांची सांगितली, मुळात आपल्याला उजवं-डावंच कळत नाही असंही सांगितलं.

"माझ्याकडे तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे एक गृहस्थ शिकून गेले," वहिनी म्हणाली. "त्यांना तर ब्रेक कुठला तेही आठवायचं नाही."

वसंतातल्या एका सकाळी शिवणताई पहिल्यांदा स्टीअरिंगमागे बसली. गाडी फाटकातच तीनदा बंद पडली. चौथ्यांदा सुरू झाली ती आचके देत गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. समोरून दूधवाला येत होता, तो सायकलसकट फुटपाथवर चढला.

"छान," वहिनी म्हणाली. "आता डावीकडे."

शिवणताईनं क्षणभर विचार केला आणि चाक डावीकडे वळवलं.