दौऱ्याचा नारळ

"आवं ताई, रस घ्या की! उपासाला चालतोय." सायकलगटातल्या मानसिंगनं रसवंतीतून हाक मारली.

"नको. तहान नाही मला," क्षमाताई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मेच्या उन्हात सायकल मारत आष्ट्यापर्यंत आलेल्या बाईला तहान नाही, हे रसवंतीच्या घुंगरांनाही पटलं नसतं. पण आत बाकावर रिकामी जागा होती ती नेमकी स्वानंदीच्या शेजारी.

स्वानंदी दातांची डॉक्टर, गटात यंदाच आलेली. दर उन्हाळ्यात ही मंडळी सांगलीहून निघायची, मेढा-महाबळेश्वर करून आठवड्यानं परतायची. निघताना गणपतीच्या पायाशी ठेवलेला नारळ एकाच्या सायकलला बांधायचा आणि परतल्यावर तोच देवापुढं वाढवायचा, अशी रीत. नारळवाल्यानं सगळ्यांच्या पुढं राहून गावात शिरायचं. गट सुरू झाल्यापासून नारळ क्षमाताईंकडं होता. मुलींच्या शाळेत शिवण शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. तिथं त्या कधी कुणाच्या पुढं नव्हत्या. वर्षातून एकदा कृष्णेच्या पुलावर मात्र त्यांच्या पुढं कुणी नसायचं.

यंदा निघताना मानसिंग सहज म्हणाला होता, "औंदा नव्या पोरीला दिऊ की. ताई, तुमी लय वर्सं नेला."

"द्या ना!" त्या हसल्या होत्या. ते हसू आठवडाभर घशात अडकून होतं.

स्वानंदीनं नारळ लाल फडक्यात बांधून हँडलवर मिरवला. कोरडाच. दर मुक्कामाला फडकं भिजवायचं असतं, नाहीतर उन्हानं नारळ तडकतो. मेढ्याला हे क्षमाताईंच्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात मानसिंग कौतुकानं ओरडला, "पोरगी हाय का वारं गड्या!" आणि ते शब्द त्यांनी गिळले. पहाटेचं अथर्वशीर्ष मात्र एक दिवसही चुकलं नव्हतं.

"ताई, जरा इकडं या ना." स्वानंदी सायकल ढकलत त्यांच्यापाशी आली. तिचं हँडल चिकट झालं होतं. फडक्याखाली नारळाला उभी चीर गेली होती. "सगळं पाणी गळून गेलं. आता काय हो करायचं? समोरच्या दुकानातला दुसरा बांधू? कुणाला कळायचं नाही."

"देवाला कळेल," क्षमाताई म्हणाल्या. भर उन्हात त्यांना आतून गार गार वाटलं.

पुलावर स्वानंदीच पुढं होती, पण मान खाली घालून. मागून क्षमाताई तिची वाकलेली पाठ बघत होत्या. आठवडाभर त्यांना हेच तर बघायचं होतं. तरी पायडल जड का झालं, ते त्यांना कळेना.

देवळात मानसिंगनं फडकं सोडलं आणि त्याचा चेहराच उतरला. "तडकलाय की गं! येवढी वर्सं कवा झालं न्हाई आसं. एक नारळ सांबाळता यीना व्हय तुला?"

"चुकलं माझं," स्वानंदी म्हणाली.

गाभाऱ्यातली समई संथ जळत होती. क्षमाताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"तिचं नाही चुकलं. फडकं ओलं ठेवायचं असतं. मला ठाऊक होतं आणि मी मुद्दाम सांगितलं नाही."

मानसिंगनं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "ताई, तुमी?" एवढंच म्हणाला.

स्वानंदीनं पुढं होऊन क्षमाताईंचा हात धरला. "असू दे हो ताई. मीच विचारायला हवं होतं."

"बगा, मन किती मोटं पोरीचं!" मानसिंग म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

विझत आलेली असूया क्षमाताईंच्या मनात पुन्हा पेटली. खरं त्या बोलल्या होत्या, आणि मन मोठं ठरलं होतं तिचं.

पुजाऱ्यांनी नारळ हातात घेऊन फिरवून पाहिला. "पाणी गेलं असेल, खोबरं आहे ना? द्या इकडं." त्यांनी तो वाढवला. आतून पांढराशुभ्र निघाला. सगळ्यांनी मोरयाचा गजर केला, आणि फोटोसाठी पायरीवर गर्दी झाली.

"मी काढते," क्षमाताई म्हणाल्या. या की, या की, असं दोघातिघांनी म्हटलं, पण फोन त्यांच्या हातात दिला.

स्वानंदी मधोमध होती. उन्हानं रापलेले सगळे चेहरे तिच्याकडं झुकले होते. उजव्या टोकाला, मानसिंगच्या शेजारी, एका माणसापुरती जागा मोकळी दिसत होती.

"जवळ या जरा," क्षमाताई म्हणाल्या. त्यांनी फोन किंचित डावीकडं वळवला, ती जागा चौकटीबाहेर गेली आणि मग बोट टेकवलं.