फौजदार पहिल्यांदा कुणावर गुरगुरला

मी तीस वर्षं एसटी चालवली. भोर-पुणे, भोर-महाड आणि शेवटची सहा वर्षं वेल्ह्याची गाडी. घाटात समोरचा टेम्पो रेटून पुढं यायला लागला की काच खाली करून मी असं काही बोलायचो, की मागच्या सीटवर डुलक्या घेणारी माणसं खडबडून जागी व्हायची. आवाज मोठा, पण मन साफ, अशी माझी माझ्याबद्दल समजूत होती. घरी आल्यावरही माझा आवाज ड्युटीवरच असायचा. हात मात्र मी कधी कुणावर उचलला नाही आणि त्याचा मला चांगलाच अभिमान होता.

निवृत्त झालो आणि विंझरला रानातच घर बांधलं. मी, बायको माया आणि सात शेळ्या. पहिल्याच वर्षी विहिरीवरची मोटर चोरीला गेली. आमची मुलगी दीपमाला पुण्यात नर्स आहे. तिच्या ओळखीच्या एका घरात रॉटवायलरचं पिल्लू होतं. तिसऱ्या मजल्यावर त्यांना ते झेपेना, म्हणून ती ते आमच्याकडं घेऊन आली. काळंभोर, डोळ्यांवर दोन तपकिरी ठिपके आणि पंजे त्याच्या अंगाला न शोभतील एवढे मोठे. मी नाव ठेवलं फौजदार. माया त्याला सोन्या म्हणायची. तो दोन्ही नावांना यायचा, सोन्या म्हटलं की जरा जास्त पळत यायचा.

दहा महिन्यांत चाळीस किलोचा झाला, पण भुंकायचं नाव नाही. पोस्टमन आला, ह्यानं त्याची चप्पल हुंगली आणि बसला. गॅसवाला आला, तर ह्यानं त्याच्या पायाला असं अंग टेकवलं, की तो सिलिंडरसकट पडता पडता वाचला. कुणीही नवं आलं की फौजदार जरा लांब उभा राहून त्याच्या तोंडाकडं टक लावून बघायचा. बघून समाधान झालं, की शेपटी हलवायची. मला वाटलं, बेणं मठ्ठ आहे.

आमच्या रानाला लागून गोरखचं रान. तो रोज संध्याकाळी तंबाखू मळत यायचा आणि माझी टिंगल करायचा.

"डायवर, ह्यो फौजदार कसला? चोर आला तर ह्यो त्येला बॅटरी धरंल."

"लहान हाय आजून," मी म्हणायचो, पण आतून जळायचो.

"लहान न्हाई, गोड झालाय. तिखट करा त्येला."

आमच्या भागात जुन्या माणसांची ही रीत. कुत्रं दिवसभर अंधारात बांधायचं, कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, हात लावायचा नाही आणि भाकरीत हिरव्या मिरचीचा ठेचा घालून चारायचा. तिखट खाल्लं की कुत्रं तिखट होतं, असा हिशेब. मला ते तेव्हा पटलं. राग आलेल्या माणसाला काय वाटेल ते पटतं.

दोन दिवस मी स्वतःच्या हातानं ठेचा चारला. फौजदारानं तो खाल्ला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि घास संपला की तो माझ्याकडं बघून शेपटी हलवत होता. तिसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या, मागून रक्त पडायला लागलं. टेम्पोत घालून भोरला जनावरांच्या डॉक्टरकडं नेला. डॉक्टर म्हणजे आमच्या दीपाच्या वयाची मुलगी. तिनं त्याचं पोट दाबून बघितलं.

"काय खायला घातलं होतं?"

"रानात कायतरी खाल्लं आसंल," मी म्हणालो.

मायानं माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली. डॉक्टरीणबाईंनाही कळलं असावं, कारण सुई टोचता टोचता त्या मला ऐकवत राहिल्या.

"काका, ही जात राखणीचीच आहे. राखण करायला ह्याला शिकवावं लागत नाही. फक्त हा अजून पोर आहे. अशी कुत्री आधी आपली माणसं कोण ते पक्कं करतात. बाहेरचा कसा आहे, ते बघून ठरवतात. त्याला बांधून, डिवचून ठेवलंत तर तो भित्रा होईल. भित्रं कुत्रं कुणालाही चावतं, घरच्यांनासुद्धा."

"मग ह्यो भुंकंल कदी?"

"गरज पडेल तेव्हा. आठ दिवस दहीभात द्या आणि लोकांत राहू द्या."

दहीभात मी कबूल केला. बाकीचं माझ्या डोक्यात शिरलं नाही. औषध डॉक्टरचं, कुत्रं माझं, असं म्हणून मी फौजदाराला शेळ्यांच्या गोठ्यात साखळीनं बांधला आणि मायाला बजावलं, की जेवण ठेवायचं आणि मुकाट बाहेर यायचं. गोरखनं तोवर वेगळीच सोय काढली होती. त्याच्या मेव्हण्याची भाटघरला पोल्ट्री होती. तो फौजदाराला नेऊन फाटकाला कायमचा बांधणार आणि बदल्यात आम्हाला पान हललं तरी भुंकणारं गावठी कुत्रं देणार. रविवारी टेम्पो येणार होता. मी शब्द देऊन टाकला.

माया काहीच बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असं मी लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी धरून चाललो होतो.

गुरुवारी दुपारी गावातून दाढी करून येत होतो. वाटेत गोरख भेटला, तोही बरोबर आला. बघतो तर गोठ्याचं दार सताड उघडं. माया उंबऱ्यावर बसलेली, साखळी बाजूला पडलेली आणि ते चाळीस किलोचं धूड तिच्या मांडीवर मावत नसतानाही मांडीवर. ती त्याला हातानं दहीभात भरवत होती आणि म्हणत होती, "खा रं सोन्या, तिकडं कोन भरवनार हाय तुला."

माझं डोकंच फिरलं. दाराशी शेळ्यांची काठी होती, ती कधी हातात आली ते कळलं नाही.

"आगं ए! एकदा सांगितल्यालं कळत न्हाई व्हय तुला? कुनी सोडाय सांगितलं त्येला? आं?"

बोलताना माझा हात वर जातो. सवय आहे, मारायचं मनातही नसतं. त्या दिवशी हाताबरोबर काठीही वर गेली. माया दचकून उठली.

फौजदारही उठला. धावून आला नाही, की उडी मारली नाही. सावकाश आमच्या दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. पाठ त्यानं मायाच्या गुडघ्यांना घट्ट टेकवली, तोंड माझ्याकडं केलं, मान खाली घातली आणि माझ्या तोंडाकडं टक लावून बघितलं. मग त्याच्या छातीतून आवाज आला. न्यूट्रलला उभ्या असलेल्या गाडीची घरघर पायाखाली लागते, तशी ती मला लागली.

"लागलं! लागलं की तिखट!" गोरख मागून आनंदानं ओरडला. "डायवर, आजून जरा डिवचा!"

मी एक पाऊल मागं सरलो. तेव्हा कुत्र्याच्या पलीकडं माझी नजर गेली. मायानं हात तोंडासमोर धरला होता, तळवा माझ्याकडं. तो हात आज पहिल्यांदाच वर गेला नव्हता. त्याला वाट माहीत होती. एकतीस वर्षं मी माझ्या हाताचा अभिमान बाळगत होतो, तिच्या हाताकडं कधी बघितलंच नव्हतं.

काठी मी खाली टाकली.

"तुला भ्या वाटलं व्हय?"

तिनं हात खाली घेतला आणि फौजदाराच्या पाठीवर ठेवला. "वाटतं."

"आगं, पन म्या कदी बोट तरी लावलंय का तुला?"

"न्हाई लावलं," माया म्हणाली. "म्हनून तर कुनाला सांगता बी येत न्हाई."

मला लाज वाटली. गोरखसमोर तर वाटलीच, पण त्या कुत्र्यासमोर जास्त वाटली. माझ्या हातचा ठेचा त्यानं डोळ्यांतून पाणी काढत खाल्ला होता, माझ्यासाठी अंधारात बसला होता. स्वतःसाठी तो माझ्यावर एकदाही गुरगुरला नव्हता. ज्याला मी मठ्ठ समजत होतो, त्यानं दहा महिन्यांत घरातलं जे ओळखलं, ते मला एवढ्या वर्षांत दिसलं नव्हतं. त्या क्षणी मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

"गोरख," मी म्हणालो, "रविवारी टेम्पो आनू नगंस."

"आवं, पन मेव्हन्याला म्या काय सांगू?"

"सांग, कुत्रं लई कामाचं निघालं. देत न्हाई म्हनावं."

"तुमच्यावरच गुरगुरलं की वो त्ये!"

"व्हय," मी म्हणालो. "जा आता तू."

तो डोकं खाजवत बांधावरून निघून गेला. मी तिथंच अंगणात मातीत बसलो. उभं राहून बोलावं असं वाटेना. फौजदाराची घरघर थांबली होती, तोही बसला, पण पाठ मायाच्या गुडघ्यांपासून सुटली नव्हती आणि डोळे माझ्यावरून हलले नव्हते.

"माया," मी म्हणालो. इतक्या हळू आवाजात तिचं नाव मी शेवटचं कधी घेतलं होतं, मला आठवत नाही. "आजून भ्या वाटतंय?"

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं झालं. तिनं फौजदाराच्या डोक्यावर थोपटलं.

"ह्येला इचारा."

मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. आणि साठीला आलेला मी, मातीत मांडी घालून, तो काय ठरवतो त्याची वाट बघत बसलो.